माणसं होती, घरं नव्हती

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळींत मी बरीच वर्षं ‘ती खेड्यात नोकरी करणारी’ म्हणून ओळखली जात होते. गणपतीच्या जेवणाला शेजारी बसलेले एखादे डॉक्टर विचारायचे, तू तिथे नक्की करतेस काय? मी सांगायचे, बिल्डिंग इन्स्पेक्टर आहे. ते म्हणायचे, वा, पण तिथे बिल्डिंगा आहेत का? सगळे हसायचे. पहिली दोन वर्षं मीही हसले. नंतर मला त्यात हसण्यासारखं काही वाटेनासं झालं. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

गावाचं नाव लिहीत नाही. आपल्याबद्दल कुणी लिहिलेलं तिथल्या लोकांना आवडत नाही. हॅमिल्टनपासून गाडीने सव्वा तास, चहूकडे मका आणि सोयाबीन, दुधाचे गोठे, एक मोठं मशरूम फार्म, दोन चर्च, बर्फावर हॉकी खेळायचं एक मैदान आणि एक शाळा. दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती तेव्हा मी तिथे लागले. नागपूरला महापालिकेत सिव्हिल इंजिनियर होते, पण इथे त्या कागदाला कुणी विचारलं नाही. एका ड्राफ्टिंगच्या ऑफिसात चार वर्षं रेघा ओढल्या, बांधकाम नियमांच्या परीक्षा दिल्या आणि ही जाहिरात दिसली. मुलाखतीनंतर कळलं की दुसऱ्या कुणी अप्लायच केलं नव्हतं.

काम सोपं करून सांगते. घर बांधायचं, खोली वाढवायची, बेसमेंटमध्ये किचन काढायचं, तर आधी परमिट लागतं. मग इन्स्पेक्टर टप्प्याटप्प्याने बघायला येतो. पाया चार फूट खोल गेला आहे का, कारण त्याच्या वर जमीन हिवाळ्यात गोठते आणि घर उचलते. लाकडाचा सांगाडा नीट जोडला आहे का. पाइप, तारा, थंडी अडवणारा कापूस. हे सगळं भिंती झाकायच्या आत बघावं लागतं. एकदा ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे तक्ते, चढला की आतलं काही दिसत नाही. शेवटी ‘इथे माणसं राहू शकतात’ असा कागद द्यायचा. या कागदावर माझी सही असायची. नागपूरला मी पूल आणि पाण्याच्या टाक्यांवर सह्या केल्या होत्या, पण या सहीचा मला जास्त अभिमान वाटायचा.

हिवाळ्यात रोज सव्वा तास गाडी चालवणं शक्य नव्हतं, म्हणून आठवड्याचे चार दिवस मी गावातच राहायचे, मेरियनबाईंच्या घरी. मेरियनबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. नवरा गेलेला, दोन्ही मुलं दूर, थोरला कॅलगरीत तेलाच्या कंपनीत. घर दुमजली, चार बेडरूमचं. वरचा मजला पूर्ण माझ्या ताब्यात होता, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढता येत नसे. त्या खाली डायनिंग रूममध्ये पलंग टाकून झोपायच्या आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये अंग पुसून घ्यायच्या, कारण बाथटब वर होता. मी एकदा म्हटलं, तुम्ही लहान घरात का जात नाही? त्या म्हणाल्या, “दाखव मला या गावात एक लहान घर.”

मी विचार केला आणि मला एकही आठवलं नाही. माझ्या सगळ्या परमिटांची फाइल डोळ्यांसमोर आणली तरी नाही. तेव्हा ते मी तिथेच सोडून दिलं. तशी चूक माझ्याकडून आणखी एकदा व्हायची होती.

गार्नेट हा गावातला दूधवाला शेतकरी. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. त्याच्या चार पिढ्या तिथे होत्या आणि त्यातल्या कुणीही परमिट काढलेलं नव्हतं. एका पावसाळी सकाळी तक्रार आली की गार्नेट ट्रॅक्टरच्या शेडमध्ये काहीतरी बांधतो आहे. मी गेले. शेडच्या एका कोपऱ्यात त्याने खोली काढली होती. छान काम होतं, ते कबूल करायला हवं. जमीन सपाट, उंबरा नाही, दार रुंद, भिंतीला धरायला दांडे. त्याच्या आईसाठी. एडना नाव, वय चौऱ्याऐंशी. शेतावरच्या जुन्या घराला सात पायऱ्या होत्या आणि त्या वर्षी ती दोनदा पडली होती.

पण भिंतीच्या पलीकडे डिझेलची टाकी, वेल्डिंगचं सामान आणि तीन ट्रॅक्टर. मध्ये आग अडवणारी भिंत नाही. खोलीला एकच दार, तेही शेडमध्ये उघडणारं, आणि खिडकी इतकी लहान की मांजरही बाहेर पडलं नसतं. शिवाय शेतावर दुसरं घर बांधायला गावच्या नियमात परवानगीच नव्हती. मी काम थांबवण्याची नोटीस दाराला चिकटवली.

गार्नेट वाद घालणारा माणूस नव्हता. त्याने नोटीस वाचली आणि विचारलं, मग ती राहणार कुठे? मी म्हणाले, ते माझ्या हातात नाही. हे वाक्य मी मराठीत आणि इंग्रजीत मिळून हजार वेळा तरी बोलले असेन, आणि त्या दिवसाएवढं खोटं ते कधीच नव्हतं. आगीची भिंत दोन दिवसांचं काम होतं. बाहेर उघडणारं दार एका दिवसाचं. नियमातून सूट मागण्याचा अर्ज असतो, त्याला काही महिने लागतात, पण मिळते. हे सगळं मला माहीत होतं. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं, माझं काम ‘नाही’ म्हणण्यापर्यंत आहे.

एडनाला हॅमिल्टनच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे जागा होती म्हणून तिथे. गार्नेट सकाळ-संध्याकाळचं दूध काढून मधल्या वेळेत जायचा, रोज जमायचं नाही. पुढच्या वसंतात ती गेली. मी अंत्यविधीला गेले आणि चर्चमध्ये मागे बसले. बाहेर पडताना गार्नेटने माझ्याकडे बघितलं, टोपीला हात लावला आणि पुढे गेला. नंतर दोन वर्षं तो माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. ती नोटीस नियमाप्रमाणे बरोबर होती आणि आजही मी ती चिकटवीन. पण तिच्या खाली जे लिहायला हवं होतं ते मी लिहिलं नाही. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. ज्या कागदावर ‘नाही’ लिहायचं, त्याच कागदावर खाली लिहायचं की ‘हो’ कसं होईल.

शाळा बंद झाली ती याच सुमारास. मुलं कमी झाली म्हणून उरलेली बसने दुसऱ्या गावी जाऊ लागली. इमारत गावाच्या गळ्यात पडली. एकमजली, पक्क्या विटांची, आठ वर्ग आणि एक जिम. पाडून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. मग काउंटीने, म्हणजे आमच्यासारख्या आठ-दहा गावांच्या वरच्या सरकारने, शहरातून एक सल्लागार नेमला. गावांचं पुढे काय होणार याचा अहवाल त्याला लिहायचा होता.

सल्लागार तरुण आणि सभ्य होता. गावच्या कौन्सिलच्या बैठकीत त्याने भिंतीवर आलेख दाखवला. आमच्या गावाची रेघ उतरत होती. वय वाढतंय, तरुण जातायत, माणसं कमी होतायत, म्हणून घरांना मागणी नाही, म्हणून नव्या घरांसाठी जमीन देऊ नये, पाणी आणि गटारं वाढवू नयेत. ‘सन्मानाने आकुंचन’ असा काहीसा शब्द त्याने वापरला. कौन्सिलच्या पाचपैकी चार सदस्य माना हलवत होते. वीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं. गार्नेट तेव्हा नुकताच निवडून आला होता. तो टेबलाकडे बघत बसला होता.

मला बोलायचा अधिकार नव्हता. मी तिथे एका गोठ्याच्या परमिटबद्दल उत्तर द्यायला आले होते. पण माझं काम झालं तरी मी बसून राहिले आणि शेवटी हात वर केला. मी विचारलं, तुम्ही गावातली किती दारं वाजवली? तो म्हणाला, आम्ही जनगणनेच्या माहितीवर काम करतो. मी म्हणाले, मग तुमची रेघ फक्त राहणाऱ्यांची आहे. ज्यांना इथे राहायचं आहे आणि जागा मिळत नाही, ते तुमच्या रेघेत कुठे आहेत?

तो म्हणाला, असे लोक आहेत असं दाखवणारी माहिती उपलब्ध नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी मला आत बोलावलं. वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या की इन्स्पेक्टरने भिंती तपासाव्यात, गावाचं भविष्य तपासू नये, आणि माझा करार पुढच्या वर्षी नव्याने व्हायचा आहे हे लक्षात असू द्यावं. मी विचारलं, शनिवारी मी काय करावं यावर कार्यालयाचं काही म्हणणं आहे का? त्या म्हणाल्या, नाही.

शरदला, माझ्या नवऱ्याला, मी फोनवर सांगितलं की पुढचे काही शनिवार मी घरी येणार नाही. तो हॅमिल्टनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. त्याने विचारलं, “तुला काढून टाकलं तर?” मी म्हणाले, टाकू देत. तो म्हणाला, “ठीक आहे. मग मी तिकडे येतो. एक बाजू तू घे, एक मी घेतो.”

तर आम्ही दोघं, स्वेटर-टोप्या-बूट घालून, नोव्हेंबरच्या चिखलात गावातले सगळे रस्ते चाललो. दार वाजवायचं, कोण आहोत ते सांगायचं, आणि तीनच प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहायची. घरात माणसं किती, खोल्या किती, आणि मनासारखी जागा मिळाली तर कुठे राहाल. काहींनी दार लावून घेतलं. एका आजोबांनी आम्हाला धर्मप्रचारक समजून आधी कुणीतरी दिलेली पुस्तकं परत दिली. बहुतेकांनी आत बोलावून चहा दिला. चर्चच्या रस्त्यावर ओळीने सात घरं होती. सातही घरांत एकेकटी बाई. सातही घरांत वरचा मजला बंद, हीटर बंद, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. सातहीजणींनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच दिलं: इथेच, पण पायऱ्या नकोत. तिसऱ्या शनिवारी शरद म्हणाला, “विजू, इथे घरं कमी नाहीत. चुकीच्या मापाची आहेत.” नवरा लॅबमधला असल्याचा असा उपयोग होतो.

दुसरी वही माझ्या टेबलात आधीपासून होती. काउंटरवर येऊन ‘इथे भाड्याने काही मिळेल का’ विचारणाऱ्यांची नावं मी लिहून ठेवायचे. त्यात एक नाव पाच वेळा होतं. रोझली. फिलिपिन्सहून आलेली, मशरूम फार्ममध्ये पॅकिंगची सुपरवायझर. नवरा तिथेच. दोन मुली. ती हॅमिल्टनहून रोज यायची-जायची. दर काही महिन्यांनी येऊन विचारायची, आणि मी नाही म्हटलं की माझे आभार मानून जायची. सहाव्या वेळी मीच तिला फोन केला आणि विचारलं, कौन्सिलसमोर येऊन बोलशील का? तिला इंग्रजीत चारचौघांत बोलायची भीती वाटत होती. मी म्हणाले, माझंही इंग्रजी नागपूरचंच आहे.

माझा प्रस्ताव साधा होता. शाळा पाडू नका. आठ वर्गांचे आठ फ्लॅट करा, जिममध्ये आणखी चार. सगळं जमिनीच्या पातळीवर, कॉरिडॉर रुंद, व्हीलचेअर सहज फिरेल असे. म्हाताऱ्या बायका तिथे येतील. त्यांची मोठी घरं रिकामी होतील आणि त्यात मुलंबाळं असलेली कुटुंबं येतील. नवं एकही घर न बांधता गावात माणसं वाढतील. परमिटसाठी काय लागेल, पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस कसं काढायचं, आगीच्या भिंती कुठे घालायच्या, हे सगळं मी काढून दिलं होतं. या वेळी कागदावर खाली ‘हो’ कसं होईल ते पूर्ण लिहिलेलं होतं.

बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. चर्चच्या रस्त्यावरच्या सात बायका पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना मेरियनबाईंनी स्वतः गाडीतून दोन खेपा करून आणलं होतं. रोझली बोलली, दोन मिनिटं, कागदावरून वाचून. सल्लागारही आला होता. त्याने पुन्हा सांगितलं, मोजक्या लोकांच्या इच्छा म्हणजे मागणी नव्हे. कौन्सिलमधले एक जण म्हणाले, म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट बांधले तर गाव आणखी म्हातारं दिसेल. मेरियनबाई जागेवरूनच म्हणाल्या, आम्ही आधीच म्हाताऱ्या आहोत, फक्त वरच्या मजल्यामागे लपून बसलो आहोत.

मतं दोन-दोन झाली. गार्नेट राहिला. तो उभा राहिला, आणि माझ्याकडे न बघता बोलला.

“या बाईंनी माझ्या आईची खोली बंद केली. कागद बरोबर होता, मी नंतर तपासला. आई तिथे जळून मेली असती. पण ती शहरात एकटी मेली, कारण या गावात तिच्यासाठी एक खोली नव्हती. पंधरा मिनिटांच्या अंतरावर ही शाळा रिकामी पडली होती. मी हो म्हणतो.”

एवढं बोलून तो खाली बसला. टाळ्या वाजल्या नाहीत, ती माणसं तशी नाहीत. कुणीतरी खुर्ची सरकवली आणि लिपिकाने ठराव लिहून घेतला.

सगळं मनासारखं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. जिम वाचली नाही. छप्पर खराब निघालं आणि चार फ्लॅटचा तो भाग पाडावा लागला. बांधायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत सातांपैकी दोघीजणी गेल्या, एक मुलीकडे ऑटवाला आणि एक कायमची. शाळा पुन्हा सुरू झाली नाही, मुलं अजून बसनेच जातात. माझा करार मात्र वाढला. दुसऱ्या कुणी अर्ज केला नसावा.

मेरियनबाईंच्या मुलाला त्यांना कॅलगरीला न्यायचं होतं. तो विमानाने आला, दोन दिवस राहिला, प्रेमाने आणि मग रागाने समजावलं. मी वरच्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “कॅलगरीत मी फक्त तुला ओळखते, आणि तू दिवसभर ऑफिसात असतोस.” जाताना त्याने मला खाली बोलावून विचारलं, तिथे बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत ना? मी म्हणाले, मी स्वतः लटकून बघितले आहेत.

त्यांचा फ्लॅट पूर्वीच्या दुसरीच्या वर्गात होता. खिडक्या मोठ्या, आणि एका भिंतीवर फळा तसाच ठेवलेला. राहायला आल्या त्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या आणि फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अठ्ठावीस वर्षं मी पोरांना या दारापर्यंत आणलं. आत येऊन बसले आज पहिल्यांदा.” मग उठून त्यांनी गरम पाण्याने आंघोळ केली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

त्यांचं घर रोझलीने घेतलं. मी सामान हलवून एका शेतावर भाड्याने राहू लागले, कारण वरच्या मजल्यावर आता दोन मुली झोपणार होत्या. चर्चच्या रस्त्यावरचीही तीन घरं दोन वर्षांत भरली. एकात मशरूम फार्मचंच कुटुंब, एकात मेकॅनिक, एकात शहरातून परत आलेला गावचाच मुलगा, बायको आणि जुळ्यांसकट. पुढच्या जनगणनेत गावाची रेघ वर गेली का? नाही. पण ती खालीही गेली नाही. अहवालाप्रमाणे आम्ही आत्तापर्यंत बरंच आकुंचन पावायला हवं होतं. आम्ही पावलो नाही.

गार्नेटने नंतर एकदा परमिटचा अर्ज आणला, नव्या गोठ्याचा. चार पिढ्यांतला पहिला. रकाने नीट भरले होते, नकाशा हाताने काढला होता. मी एक चूक दाखवली. तो म्हणाला, खाली लिहा कशी दुरुस्त करायची ते. मी लिहिलं.

निवृत्त झाले तेव्हा हॅमिल्टनच्या मंडळींनी गृहीत धरलं की आम्ही मिसिसॉगाला कॉन्डो, म्हणजे टॉवरमधला फ्लॅट, घेणार. जवळ देऊळ, इंडियन ग्रोसरी, मराठी नाटकं. शरदने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. आम्ही गावात एक जुनं घर घेतलं, स्वयंपाकघर आणि बेडरूम एकाच मजल्यावर असलेलं. साठीच्या पुढची आणखी दोन माणसं. सल्लागाराच्या हिशोबात आम्ही गावाचा आजार वाढवला. माझ्या हिशोबात आम्ही गावाला राहण्याजोगं एक बेसमेंट मिळवून दिलं.

त्या बेसमेंटचा आम्ही फ्लॅट करायला घेतला. पाटी लावण्याआधीच तिघांनी विचारलं, त्यातली एक गावच्या क्लिनिकमधली नवी नर्स होती. मी परमिट काढलं, नकाशा काढला, मोठी खिडकी आणि बाहेर जाणारं वेगळं दार केलं. शरदने जिन्याचा कठडा स्वतः बसवला आणि तीन आठवडे त्याचं कौतुक करून घेतलं.

माझ्या जागी आलेली इन्स्पेक्टर तपासणीला आली. तिशीतली मुलगी, हातात टॉर्च, बुटांना चिखल. तिला माझं नाव माहीत होतं, त्यामुळे ती जरा अवघडली होती. मी चहा विचारला, ती नंतर म्हणाली. सगळं फिरून बघितलं, गुडघ्यांवर बसून पाइप बघितले, मग जिन्यापाशी येऊन मोजायची फीत लावली. परत लावली. म्हणाली, कठडा दीड इंच कमी आहे, मला पास करता येणार नाही.

शरद माझ्याकडे बघायला लागला. मी तिच्याकडे बघत होते. तिने पॅडवर ‘नाही’ लिहिलं आणि पेन न उचलता त्याच्या खाली, नीट अक्षरात, दांडा किती वर घ्यायचा आणि कुठल्या स्क्रूने, ते लिहून दिलं. मी कागद घेतला, मिळाल्याची सही केली आणि चहाचं आधण ठेवायला वर गेले.